शेजारचा रकाना

४ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार. जाडजूड खोकं पाहून तुम्ही म्हणाला असाल, चिंगीचं काहीतरी काम निघालेलं दिसतंय. खरंच निघालंय. आणि या वेळी काम तुमच्याकडे कमी आणि मामीकडे जास्त आहे, तेव्हा आधीच रुसून बसू नका.

मी इथे काय करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आई सगळ्यांना सांगते की पोरगी भाषा शिकवते. शिकवत नाही मी, दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून बघते. डाव्या रकान्यात आपलं वाक्य, उजव्या रकान्यात तेच वाक्य दुसऱ्या भाषेत. अशी पुष्कळ वाक्यं जमली की दोन्ही भाषा कुठवर एका वाटेने जातात आणि कुठे फटकून निघतात ते दिसायला लागतं. आता हेच बघा. आपल्याला भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, आठवण येते. सगळं बाहेरून येऊन आपल्याला गाठतं. मामीच्या, नदीपलीकडच्या भाषेत यातलं काहीच येत नाही. तिथे माणूस हे सगळं आपणहून करतो, राग करतो, आठवण करतो. असे फरक शोधून त्यांवर मी प्रबंध लिहिते आहे.

ती भाषा मी पुस्तकांतून शिकले, आणि थोडी एका म्हाताऱ्या बाईंकडून. त्या बाई आता लेकीकडे राहायला गेल्या. जन्मापासून ती भाषा बोलणारं माझ्या ओळखीत मामीशिवाय कुणी उरलं नाही.

सोबत टेपरेकॉर्डर, कोऱ्या कॅसेट आणि वाक्यांची छापील यादी आहे. यादी माझी नाही, आमच्या सरांची. कुठलीही भाषा तपासायची झाली तरी आमच्याकडे हीच विचारतात. तुम्ही एकेक वाक्य वाचायचं आणि मामीने ते तिच्या भाषेत म्हणायचं. वाक्यांत अर्थ शोधू नका, ती नुसती नमुन्याची आहेत. मामीला माझा नमस्कार.

तुमची
चिंगी

२१ सप्टेंबर

चि. चिंगी,

आशीर्वाद. तुझं खोकं दुकानावर आलं. मी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ लावत होतो, ती तशीच वाळू दिली आणि आधी यंत्र चालवून पाहिलं. माझा आवाज इतका वाईट असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या मामीला वाटलं, मी थट्टा करतोय. माझ्या भाषेत बघण्यासारखं काय आहे, म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने तिला बजावलं होतं की या घरात आमच्यासारखं बोलायचं. ती ते इतकं मनावर घेऊन शिकली की आज बाजारात कुणाला शंकासुद्धा येत नाही. मला तिच्या भाषेतला ओ की ठो कळत नाही. कधी शिकावीशी वाटली नाही, हेही खरं. ती भाषा या घरात ती फक्त एकाशी बोलायची, आणि तो विषय मी काढत नाही.

तर जेवणं झाल्यावर बसलो. पहिल्या पाचसहा वाक्यांना लाजली, मग रंगली. रागाचं तू लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाली, अगदी बरोबर आहे, चिंगीचे मामा राग येतो म्हणतात, पण मी आल्यापासून बघतेय, ते तो करतात. तुझ्या प्रबंधात हे घालू नकोस.

एक सांगतो. बत्तीस ते पस्तीस ही चार वाक्यं मी वाचली नाहीत. कारण विचारू नकोस. बाकी सगळं कॅसेटमध्ये आहे.

तुझा मामा

२ ऑक्टोबर

ती. मामा,

कॅसेट मिळाली. मामीचा आवाज ऐकून मला आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आठवल्या, ती मला आणि दादाला एकाच पंच्याने पुसायची त्या. काम तर इतकं सुरेख झालंय की सर स्वतः ऐकायला येऊन बसले.

पण ती चार वाक्यं. मी यादी काढून पाहिली. ‘मी तुझ्या मुलाला काल बाजारात पाहिलं.’ ‘तो आजारी होता, आता बरा आहे.’ ‘त्याला घरी यायचं आहे.’ ‘वडिलांनी दार उघडलं नाही.’ तुम्ही का थांबलात ते समजलं. दादा तुमचं घर सोडून गेल्यापासून तुम्ही त्याचं नाव घेऊ देत नाही, हे आईने मला सांगितलं होतं. पण मामा, हे सगळं यादीला कुठे ठाऊक आहे? ही यादी दादा शाळेत जात होता तेव्हाची आहे. चौतीस भाषांमध्ये ही चार वाक्यं विचारून झाली आहेत, आणि माझं दुसरं प्रकरण नेमकं यांच्यावरच उभं राहणार आहे. ती गेली तर चार रकाने रिकामे राहतील आणि तिथे सगळे बोट ठेवतील.

एकदा डोळे मिटून वाचून टाका. माझ्यासाठी.

तुमची
चिंगी

१९ ऑक्टोबर

चि. चिंगी,

वाचली. तू लहानपणापासून हट्टी आहेस आणि मी तुझ्यापुढे लहानपणापासून पाघळतो.

पहिलं वाक्य वाचलं तेव्हा तुझी मामी भांडी पुसत होती. ती थांबली. पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचलं. हे चिंगीने लिहून पाठवलंय का, असं तिने विचारलं, मी हो म्हणालो. तिला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, छापील काय आणि हातचं काय. मग ती हात पुसून यंत्राजवळ येऊन बसली आणि बोलायला लागली. एका ओळीचं वाक्य, आणि हिचं बोलणं संपेना. चारही वाक्यांचं तेच. शेवटच्या वाक्यावर तर सर्वांत जास्त बोलली. इतकं सगळं त्या एवढ्याशा वाक्यात असतं का, असं विचारल्यावर म्हणाली, आमच्या भाषेत असतं.

पोस्टात ती माझ्याबरोबर आली. पाकीट खिडकीतून आत गेलेलं पाहिल्याशिवाय हलली नाही. आणि तेव्हापासून, कसं सांगू, ती बरी आहे. जेवते नीट. संदुकीतली जुनी लोकर काढून विणायला घेतलंय. चिंगीची पुढची यादी कधी येणार, असं रोज विचारते. तुझ्या अभ्यासाने तिला इतकी तरतरी येईल असं वाटलं नव्हतं. या उपकारासाठी तुझा प्रबंध मी स्वतः बांधून देईन, कातडी बांधणीत.

तुझा मामा

३० ऑक्टोबर

ती. मामा,

तुमच्या पाकिटाने इथे खळबळ उडवली आहे. मामी प्रत्येक वाक्यामागे प्रश्न विचारते. ‘बाजारात पाहिलं’ याच्यापुढे ‘कुठल्या बाजारात, एकटा होता का’. ‘आता बरा आहे’ याच्यापुढे ‘छातीचं होतं का’. सरांचं म्हणणं असं की या भाषेत दुसऱ्या माणसाची बातमी उघडी सोडत नाहीत, ऐकणाऱ्याने लगेच चौकशी जोडायची रीत असणार. आपल्या भाषेत असं काही नाही, म्हणजे केवढा मोठा फरक हाती लागला. सरांनी फळ्यावर दोन्ही रकाने मांडून सगळ्यांना दाखवलं. मी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हते.

पस्तिसाव्या वाक्याची कॅसेटची बाजू अजून उतरवायची आहे. मामी तिथे फार भरभर बोलते, आणि माझं ज्ञान पुस्तकी. उद्या बसते.

तुमची
चिंगी

१ नोव्हेंबर

ती. मामा,

परवाचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाका. कसली रीत आणि कसला फरक.

पस्तिसावी बाजू आज पुरी उतरवली. मधेच मामी मला हाक मारते. चिंगी, दादाला सांग, म्हणते. मग मी बाकीच्या तीनही पुन्हा ऐकल्या. ते भाषांतर नाही, मामा. ती उत्तरं देते आहे. दादा ज्या शहराकडे गेला तिथेच मी राहते. घरात त्याचं नाव काढायची सोय नाही. म्हणून मी यादीच्या आडून, तुमच्याच तोंडून, तिच्यापर्यंत दादाचा निरोप पोचवते आहे असं तिला वाटलं. आणि ती तुमच्यासमोर बसून, तुम्हाला कळत नाही अशा भाषेत, त्याला उलट निरोप देते आहे.

ती काय म्हणते ते तुम्हाला सांगायला हवं. धुळीत काम करू नकोस, तुला लहानपणापासून दम लागतो. लोकर कुठल्या रंगाची हवी. घरी यायचं आहे म्हणतोस तर कुणाला विचारतोस, ये. आणि शेवटच्या वाक्यावर: तू आला होतास हे मला आज कळलं. मी आत झोपले होते. ऐकलं असतं तर मी उघडलं असतं. एवढं त्याला नक्की सांग, चिंगी, मी जागी नव्हते.

मामा, मला दादा कुठे आहे ते माहीत नाही. इथे आल्यापासून तो मला एकदाही भेटलेला नाही आणि मीही शोधला नाही. ती वाक्यं नमुन्याची होती. हे मामीला कुणी आणि कसं सांगायचं?

चिंगी

१३ नोव्हेंबर

चि. चिंगी,

तुझं पत्र दुकानात बसून वाचलं. घरी नेलं नाही.

पस्तिसावं वाक्य नमुन्याचं नाही. तो आला होता. भर दुपारी, गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. दुकान तेव्हा घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मी आवाज ओळखला आणि दाबयंत्राचा दांडा फिरवत राहिलो. तुझी मामी तापाने आत पडली होती. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, आणि मीच तिला ते वाचून दाखवलं. तेव्हापासून तिने मला त्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. चहा वेळेवर देते.

तिला खरं सांगायचं तर ती आज विणते आहे ते तिच्या हातातून काढून घ्यावं लागेल. मला ते होणार नाही. तेव्हा असं कर. वाक्यं खोटी आहेत हे सांगण्यापेक्षा ती खरी करता येतात का बघ. काचेच्या कारखान्यात लागला असं मागे कुणीतरी म्हणालं होतं. तुझ्या तिकडे असे कारखाने किती असतील? विचारत जा. सापडला तर म्हणावं, आता दुकानाचं दार मी दुपारीसुद्धा लोटत नाही. त्याला बाइंडर व्हायचं नव्हतं, नको होऊ दे. एवढ्यासाठी मी केवढा तमाशा केला ते आठवलं की खळीत हात तसाच राहतो.

तो सापडेपर्यंत तिला काही बोलू नकोस.

तुझा मामा

९ डिसेंबर

चि. चिंगी,

तुझं पत्र नाही. शोधायला वेळ लागणार हे मला कळतं, घाई करत नाही. पण तुझी मामी विचारते आणि मला दरवेळी टपालाला दोष द्यावा लागतो.

स्वेटर झाला. निळा. बाह्या लांब वाटतात, पण ती म्हणते त्याचे हात लांबच आहेत. मापासाठी माझ्या अंगावर धरून बघ म्हटलं. तिने धरून पाहिला आणि घडी घालून ठेवला.

काल मी आपणहून तिच्यासमोर त्याचं नाव घेतलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बहुधा तिला वाटलं, मी चाचपून बघतोय.

दोन ओळी तरी टाक.

तुझा मामा

१७ डिसेंबर

ती. मामा,

बसून वाचा. दुकानात असाल तर घरी जाऊ नका, आधी तिथेच वाचा.

दादा नाही. मागच्या थंडीतच गेला. तिसऱ्या कारखान्यात त्याचा पत्ता लागला. भट्टीवर काम करणारा एक माणूस त्याच्या खोलीत राहायचा, तो मला फाटकाशी भेटला. मी कोण ते सांगितल्यावर त्याने आधी मला टपरीवर बसवलं आणि मगच सांगितलं. छातीचंच दुखणं. कामगारांच्या दवाखान्यात होता. हे लोक पाळीने त्याच्याजवळ बसायचे. घरचं कुणी आहे का विचारलं की नाही म्हणायचा, म्हणून तुम्हाला कुणी कळवलं नाही. सगळं त्यांनीच केलं, नीट केलं.

तो माणूस म्हणाला, मनासारखं काम झालं की दादा स्वतःशीच कुठल्यातरी भाषेत बोलायचा. त्यांच्यातल्या कुणालाच ती येत नव्हती, त्यावरून सगळे त्याची चेष्टा करायचे. शेवटी शेवटी तो तेवढ्याच भाषेत बोलत होता. काय म्हणत होता ते कुणाला कळलं नाही.

मी त्याच्यापासून दोन बस बदलून जाण्याइतकी जवळ राहत होते, मामा. ती भाषा मला येत होती. याच्यापुढे मला लिहवत नाही.

मी येऊ का? मामीला मी सांगू का?

चिंगी

२६ डिसेंबर

चि. चिंगी,

येऊ नकोस. तू दारात दिसलीस की तिला वाटेल तोही मागून येतोय.

मी सांगणार आहे. पण आमच्या भाषेत नाही. या भाषेत मी त्याच्याबद्दल आजवर जे बोललो ते सगळं ओरडून बोललो. माझ्या तोंडून त्याचं नाव ऐकलं की अजून तिचे खांदे आखडतात. ही बातमी मला तिला तशी ऐकवायची नाही. म्हणून आता मी तुला यादी पाठवतो. डावा रकाना माझा आहे, उजवा तू भर.

इथे बस.
चिंगी त्याला शोधायला गेली होती.
आपला मुलगा मागच्या थंडीत गेला.
तो एकटा नव्हता, त्याच्याजवळ माणसं होती.
तो तुझ्या भाषेत बोलायचा.
मी दार उघडलं नाही.

कागदावर लिहून मला उपयोग नाही. कॅसेटमध्ये तुझ्या आवाजात म्हण, हळू म्हण, आणि प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा म्हण. तुझं पुस्तकी असेल तर चालेल, माझं याहून वाईट होणार आहे.

तुझा मामा

४ जानेवारी

ती. मामा,

कॅसेट पाठवते आहे. सहाही वाक्यं आहेत. तिसऱ्याला माझा आवाज नीट राहिला नाही म्हणून ते पुन्हा भरलं, तरी फारसा फरक पडलेला नाही. त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, शब्द बरोबर आहेत.

प्रबंधाचं दुसरं प्रकरण मी काढून टाकलं. सरांना कारण सांगितलं नाही. मामीचं ते बोलणं मी उतरवून कुठल्याही रकान्यात घालणार नाही.

तुमची
चिंगी

२ फेब्रुवारी

चि. चिंगी,

सांगितलं.

पाठ करायला फार दिवस लागले. या वयात जीभ वळत नाही. दुकानाचं दार लावून तुझी कॅसेट लावायचो आणि पुठ्ठे कापता कापता म्हणत बसायचो. एक गिऱ्हाईक बाहेरून ऐकून म्हणालं, मामा, मंत्र म्हणताय की काय. मी हो म्हणालो.

सकाळी सांगितलं, स्वयंपाकघरात. पहिलं वाक्य म्हटलं, इथे बस. तिला आधी हसू आलं. इतक्या वर्षांत मी तिच्या भाषेत एक शब्द बोललो नव्हतो, आणि सुरुवात केली ती अशी. मला वाटलं, इथेच थांबावं, हे हसू असंच राहू द्यावं. पण दुसरं वाक्य म्हटलं. ती बसली. तिसरं म्हणताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. तुझा आवाज जिथे कापला होता तिथे माझाही कापला, कारण मी ते तसंच पाठ केलं होतं.

सगळी सहा म्हटली. मग ती बोलायला लागली, तिच्या भाषेत. यंत्र फळीवर होतं, मी लावलं नाही. ती बराच वेळ बोलली, आवाज न चढवता, माझ्या तोंडाकडे बघत. मला एक शब्द कळला नाही. उठून जावंसं वाटलं, गेलो नाही. तिने मला दोष दिला असणार, आणि तो माझाच आहे. कदाचित दुसरंही काही म्हणाली असेल. ते मला कधीच कळणार नाही, आणि तिने ते मला कळावं म्हणून म्हटलं असेल असंही मला वाटत नाही.

मग तिने स्वेटर पिशवीत घालून मला दिला आणि पत्ता दाखवण्यासाठी तुझ्या कॅसेटच्या पाकिटाकडे बोट केलं. तो सोबत आहे. त्या भट्टीवाल्याला नेऊन दे. बाह्या लांब होतील, दुमडून घाल म्हणावं.

आता एक गोष्ट, आणि यावर तू काही उपाय सुचवू नकोस. त्या दिवसापासून तिने आमची भाषा सोडली आहे. रुसलेली नाही, भांडत नाही, घरातली सगळी कामं करते. पण बोलते ती फक्त तिच्या भाषेत. माझ्याशी, शेजारणीशी, बाजारात भाजीवालीशीसुद्धा. लोक माझ्याकडे बघतात. मी काय सांगणार? तू म्हणशील, मी कॅसेट भरून पाठवते, रोजची वाक्यं शिका. पाठवू नकोस. या खेपेला मला तिच्याच तोंडून शिकायचं आहे, तिला शिकवावंसं वाटलं तर. अजून तसं दिसत नाही.

जेवताना ती काहीतरी मागते. पाणी मागते की मीठ, ते मला कळत नाही. मी दोन्ही आणून पुढे ठेवतो. त्यातलं एक ती घेते.

तुझा मामा